नाव कुणाचं लागतं? श्रेयाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत गणपतीचा कारखाना म्हणजे घराच्या पडवीपासून पत्र्याच्या लांबलचक शेडपर्यंत काहीही असू शकतं. विसर्जनानंतर थोडी उसंत मिळते आणि मग पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. त्यात पहिली येते ती नवी मूर्ती. कुणीतरी मातीत एक मूळ मूर्ती घडवतो. बैठक किती रेलती ठेवायची, सोंड कुठे वळवायची, पितांबराच्या निऱ्या कशा पाडायच्या, उंदीर पायाशी बसवायचा की बाजूला, हे सगळं त्या एका मूर्तीत ठरतं. तिच्यावर रबराचे थर चढवून साचा काढतात आणि साच्यातून प्लास्टरच्या प्रती. मग घासकाम, सफेदा, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी, जी भल्याभल्यांच्या हाती सहसा देत नाहीत. इतक्या हातांतून गेलेली मूर्ती मुंबई-पुण्याच्या मंडपात विक्रीला उभी राहते तेव्हा पावतीवर नाव असतं कारखान्याचं, नाहीतर दुकानदाराचं. एखादा घाट लोकांना आवडला तर पुढच्या हंगामात तो शेजारच्या शेडमध्येही दिसतो. तो पहिल्यांदा मातीत कुणी काढला, हे पावतीवरून कळायला वाव नाही.

या प्रस्तावनेचा विषय इथे सुरू होतो. साहेबाने आपली कल्पना स्वतःच्या नावावर खपवली, ही तक्रार बँकेत ऐकू येते, शाळेत येते, वर्तमानपत्राच्या कचेरीत येते, रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीतही येते. तिला आपल्याकडे 'आयत्या बिळावर नागोबा' अशी तयार म्हण आहे आणि त्या म्हणीनेच बराच घोटाळा केला आहे, असं मला वाटतं. म्हणीत सगळा दोष नागोबाचा. मग अभ्यासही नागोबाच्या स्वभावाचा होतो: साहेब लबाड होता का, असुरक्षित होता का, त्याच्या साहेबाने त्याच्याशी असंच केलं होतं का. हे प्रश्न चहाच्या टपरीवर रंगतात आणि तिथेच संपतात. आपण ज्या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकतो आहोत ते दुसरीकडून सुरू होतं. नाव कुठे लिहिलं जातं, कोण लिहितं, आणि ज्याला कल्पना सुचली त्याचा हात त्या वहीपर्यंत पोहोचतो का, हे ते आधी विचारतं. साहेबाचं चारित्र्य नंतर बघू.

चोर नसतानाही श्रेय कसं सरकतं, याचं चांगलं उदाहरण पेणच्या धंद्याला बरकत देणाऱ्या सार्वजनिक गणेशोत्सवातच आहे. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने उत्सवाच्या १२५ व्या वर्षाचा सोहळा मांडला आणि वाद पेटला. प्रारंभ लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये केला, की भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्येच केला होता? प्रकरण बोधचिन्हापासून न्यायालयापर्यंत गेलं. या वादाचा निवाडा करण्याचा माझा इरादा नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: टिळकांच्या हाती 'केसरी' होता. उत्सवाची हकीकत, त्याचं समर्थन, त्याचा अर्थ हे सारं छापून येण्याची व्यवस्था एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला वाडा, मूर्ती आणि माणसांची आठवण. टिळकांनी कुणाचं काही हिरावून घेतलं असं म्हणायची गरजच पडत नाही. पिढ्या उलटल्या की छापलेलं उरतं. कचेरीत हेच चार दिवसांत घडतं. बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा साहेबाचा माणूस असतो, आणि त्यात 'साहेबांनी सुचवले' हे वाक्य केवळ लिहिण्याच्या सोयीपोटी येतं.

परदेशातल्या समाजशास्त्रज्ञांनी ही वाट आधी मळवली. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एकाच शोधात नामांकित आणि अनोळखी अशी दोन नावं असली, तर जग श्रेय नामांकिताला देतं, आणि त्यामुळे तो आणखी नामांकित होतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून त्यांनी याला 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं. गंमत पुढेच आहे. हा लेख बऱ्याच अंशी हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता आणि छापून आला तो एकट्या मर्टन यांच्या नावावर. तो दोघांच्या नावे यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे स्वतःच लिहून टाकलं. श्रेय मोठ्या नावाकडे कसं जातं हे सांगणारा लेख स्वतःच त्याचं उदाहरण ठरावा, आणि ते कबूल करणारा माणूसही तोच असावा, याहून प्रामाणिक प्रवेशद्वार एखाद्या शास्त्राला क्वचितच मिळालं असेल. पुढे स्टीव्हन शेपिन यांनी १९८९ मध्ये सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइल यांच्या प्रयोगशाळेत शिरून पगारी सहायक शोधले. पंप चालवणारे, निरीक्षणं टिपणारे हे हात बॉइल यांच्या लेखनात जवळजवळ निनावी राहिले आहेत. मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांच्या बाबतीत हीच गोष्ट कशी घडते ते १९९३ मध्ये नाव देऊन मांडलं.

आपल्या देशातलं ठळक प्रकरण कलकत्त्याचं आहे. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण जगभर 'हेन्री पद्धती' म्हणून ओळखलं गेलं. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. ठशांना गणिती सूत्रात बसवण्याचं काम त्यांच्या हाताखालच्या अझिझुल हक यांनी केलं आणि हेमचंद्र बोस यांनीही त्यात मोठी भर घातली. दोघांना पुढे पदव्या आणि मानधन मिळालं, पद्धतीला मात्र नाव साहेबाचं राहिलं. हकांचा वाटा इतर कुणाही सहकाऱ्यापेक्षा मोठा होता, हे हेन्रींनी १९२६ मध्ये पत्रातून मान्य केलं. पण ते पत्र होतं, पुस्तक नव्हतं. पद्धत शिकणारा प्रत्येक पोलीस पुस्तक वाचतो.

रायगड जिल्ह्याला मात्र कलकत्त्यापर्यंत जायची गरज नाही. पेणहून खोपोलीला जा आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढू लागा, की वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गाडीवाले तिथे आजही नाणं टाकून पुढे जातात. लोक सांगतात की घाटातून मार्ग कसा काढावा हे इंग्रज साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने त्याला गुरांची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी पदरात पडली. ही दंतकथा आहे, तिला कागदाचा आधार मागू नये. कागद वेगळी नावं सांगतात: घाटातल्या रस्त्याचं उद्घाटन १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी केलं, रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल. ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले तेव्हा कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी चालवलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. ज्याचं नाव कागदावर येऊ शकलं नाही त्याचं देऊळ लोकांनी बांधलं, एवढं खरं. तो माणूस तसाच होता का, हा इतिहासाचा प्रश्न. त्याची आठवण का टिकली, हा आपला.

आता रायगडातलंच रोहा. कुंडलिका नदीच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत गेल्या अर्ध्या शतकात रसायनांवर वाढली, आणि रसायनांच्या बाबतीत आपल्या कायद्याने एक मोठी चमत्कारिक गोष्ट करून ठेवली होती. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, ते मिळे फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर. २००५ मध्ये हे बदललं. म्हणजे तीसेक वर्षं या देशातल्या रसायन उद्योगाची अक्कल 'काय' पेक्षा 'कसं' यावर पणाला लागली होती. तापमान किती ठेवायचं, आम्ल कोणत्या टप्प्यावर आणि किती सावकाश सोडायचं, गाळणं कधी बदलायचं यावर सगळं अवलंबून. आणि हे 'कसं' रिअ‍ॅक्टरच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाला आधी कळतं. रात्रपाळीचा ऑपरेटर आवाजावरून सांगतो की ढवळणी जड झाली आहे. त्याने एकदा थोडं आधी थंड पाणी सोडलेलं असतं आणि त्या बॅचचा उतारा चांगला आलेला असतो. सकाळी तो हे शिफ्ट इन्चार्जला सांगतो. इन्चार्ज मॅनेजरला सांगतो. मॅनेजरच्या मासिक अहवालात 'प्रक्रियेत सुधारणा' असा एक ठिपका उमटतो, आणि अहवालाखाली सही मॅनेजरची असते. या साखळीत कुणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येक पायरीवर एक नाव फक्त गळून पडलं आहे.

कायदा इथे काय म्हणतो हे पाहण्यासारखं आहे, कारण नवख्या अभ्यासकाला तो वाटतो त्यापेक्षा बारकाईने बोलतो. पेटंटसाठी अर्ज करण्याचा मूळ हक्क 'खऱ्या आणि पहिल्या' संशोधकाचा असतो. तो हक्क नोकरीच्या करारातून कंपनीकडे जातो. पण याच कायद्याच्या २८ व्या कलमाने संशोधकाला आपलं नाव पेटंटमध्ये नमूद करून घेता येतं, आणि तिथेच सांगून टाकलं आहे की या नोंदीने पेटंटवर कोणताही हक्क मिळत नाही. मालकी एकीकडे, नाव दुसरीकडे. पहिल्या वाचनात हा करंटेपणा वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण पैशाचा वाद आणि नावाचा वाद हे दोन वेगळे वाद आहेत हे त्या कलमाने ओळखलं आहे.

पेणच्या मूर्तीलाही हेच लागू होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीत असताना घडवलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. पण ५७ वं कलम म्हणतं की कॉपीराइट विकला गेला तरी 'ही माझी कृती आहे' असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. मूळ मूर्ती घडवणाऱ्या पगारी कारागिराला साचा परत मागता येणार नाही, प्रतींचे पैसे मागता येणार नाहीत, आपलं नाव मात्र मागता येईल. अट एकच, मूर्तीला कलाकृती मानलं गेलं पाहिजे. आणि इथे कायद्याचा एक निसरडा दगड आहे: जी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली गेली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पेणमध्ये पन्नास म्हणजे काहीच नाही. साच्यातून निघालेला गणपती शिल्प की डिझाइन, या प्रश्नाला 'ते अवलंबून आहे' याहून सरळ उत्तर मिळत नाही. लालबागच्या राजाबरोबर कांबळी कुटुंबाचं नाव घेतलं जातं, कारण तिथे मूर्तिकार आणि कारखानदार एकच आहेत. घरोघरच्या दीड फुटी मूर्तीला असा भाग्ययोग नाही.

इतर देशांनी पैशाचा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. जर्मनीने १९५७ मध्येच नोकरदारांच्या शोधांसाठी स्वतंत्र कायदा करून मालकावर वाजवी मोबदल्याचं बंधन घातलं. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांना निळ्या एलईडीच्या पेटंटबद्दल निचिया कंपनीने वीस हजार येन दिले होते. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दोन हजार कोटी येन देण्याचा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळालं. यात पैसा भांडून मिळवावा लागला, नाव मात्र पेटंटवर पहिल्या दिवसापासून होतं. ते नसतं तर भांडायलाही पाय ठेवायला जागा नव्हती.

साहेबाची बाजूही ऐकली पाहिजे आणि ती वाटते तितकी पोकळ नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अपघाताची, नियमभंगाची जबाबदारी भोगवटादार आणि मॅनेजर यांच्यावर टाकली. धाटावला काही पेटलं तर पोलीस आधी मॅनेजरला शोधतात. 'चुकलं तर माझं, मग जमलं तर माझं का नाही?' हा त्याचा प्रश्न आहे. शिवाय सुचणं आणि तडीस नेणं यांत अंतर असतं. ऑपरेटरचं निरीक्षण प्रक्रियेत उतरवायला चाचण्या घ्याव्या लागतात, वरिष्ठांकडून पैसा मंजूर करून आणावा लागतो, फसलं तर बोलणी खावी लागतात. ते साहेबाने केलेलं असतं. मला या युक्तिवादाचा पहिला भाग पटतो आणि दुसऱ्याचा निष्कर्ष पटत नाही. तडीस नेण्याचं श्रेय खरंच साहेबाचं, ते त्याने जरूर घ्यावं, त्यासाठी सुचण्याचंही घ्यावं लागत नाही. आणि दोषाच्या बाबतीत, चौकशी सुरू झाली की त्या रात्रीच्या लॉगशीटवरची ऑपरेटरची सही क्षणात सापडते. सुधारणेच्या वेळी तीच लॉगशीट कुणी उघडत नाही.

नोंदीची सवय काय करू शकते, हे पाहायला पुन्हा रोह्यातच एक माणूस आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करत, त्यामुळे बालपण तिथलं. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. ज्या नोकरशाहीत ते घडले तिला आपण उठताबसता नावं ठेवतो, पण फाइलवर टिपणी लिहिण्याची तिची रीत श्रेयाच्या अभ्यासकाला भुरळ घालणारी आहे. कारकून लिहितो, सही करतो, वरचा त्याच्याखाली लिहितो, सही करतो. सचिवाने खालच्याची सूचना उचलली तरी ती खालच्याच्या अक्षरात वरच्या पानावर राहते. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे नेते जेरेमी रेझमन होते. देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ हे सदस्य. नेत्याच्या नावापलीकडे कोण काय बोललं, हे चर्चांची शब्दशः टिपणं २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सर्वांना वाचता आलं. अडुसष्ट वर्षं उशिरा का होईना, पण टिपण होतं म्हणून.

आणि रोह्याचंच दुसरं नाव या चर्चेला उलट दिशेने धक्का देतं. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यात जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने जाऊन कसतात, आणि येणारं उत्पन्न कुणा एकाचं नसतं. त्याला ते 'अपौरुषेय लक्ष्मी' म्हणत. इथे नाव पुसणं हाच साधनेचा भाग आहे, कुणावर अन्याय नाही. पण या वृत्तीची भाषा कारखान्यात उसनी येते तेव्हा सावध व्हावं. 'श्रेय कुणाला मिळालं याला महत्त्व नाही, काम झालं ना?' हे वाक्य मी तरी ज्याला श्रेय मिळालं आहे त्याच्याच तोंडून ऐकलं आहे. स्वतःचं नाव पुसणं आणि दुसऱ्याचं पुसणं यांत फरक करता येत नसेल तर निष्काम कर्म शिकवू नये. आपल्या संतांनी अहंकारावर कमी लिहिलं नाही, तरी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंची मुद्रा पाहा: तिच्यात धन्याचं नाव आहे, दासीपण आहे, आणि जनीही आहे. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या नावे गेले नाहीत, याचं कारण कुण्या विश्वस्ताने काळजी घेतली हे नसून नाव रचनेतच विणलेलं होतं हे आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी फार मोठी साधनं गोळा करण्याची गरज नाही. मर्टन वाचावेत, शेपिन वाचावेत, पण त्याआधी जवळच्या एखाद्या कामाच्या जागेत जाऊन तिथली लिहिण्याची ठिकाणं मोजावीत: हजेरीपट, लॉगशीट, इतिवृत्त, पावती, साच्याच्या पाठीवर कोरलेला आकडा, भिंतीवरची 'महिन्याचा उत्तम कामगार' पाटी. प्रत्येक ठिकाणी लेखणी कुणाच्या हाती आहे ते पाहावं. प्रश्न मालकाला शेवटी विचारावेत, कारण तो अनेकदा प्रामाणिकपणेच चुकीचं सांगतो. एखादी कल्पना दहा वेळा मांडता मांडता ती आपलीच वाटू लागते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? कारागिरालाही 'तुझं श्रेय कुणी घेतलं का?' असं विचारू नये. तो हसून टाळेल, त्याला उद्याही तिथेच काम करायचं आहे. 'हा घाट पहिल्यांदा कुणी काढला?' असं विचारावं. मग नाव येतं, गाव येतं, आधीच्या कारखान्याचा उल्लेख येतो, आणि कधी 'तो माणूस आता दुसरीकडे आहे' हेही येतं. ज्यांना नाव मिळत नाही ते आधी बोलायचे थांबतात आणि मग निघून जातात. आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये बोलणं आणि निघून जाणं या दोन वाटांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, ते या टप्प्यावर उपयोगी पडेल.

काही प्रश्न मात्र कुणीच सोडवलेले नाहीत. मातीऐवजी संगणकाच्या पडद्यावर मूर्ती घडवून ती यंत्राने छापता येते. अशा फाइलला तारीख असते आणि ती घडवणाऱ्याचं नाव आपोआप नोंदलं जाऊ शकतं, म्हणजे पेणच्या कारागिराला आजवर न मिळालेली वही त्याच्यासमोर आयती उघडते. पण संगणक कारखान्याचा असतो आणि त्यातलं खातं मालकाच्या नावाने उघडलेलं असतं. तिथे 'कर्ता' या रकान्यात काय उमटतं, हे पुढच्या दोन-चार हंगामांत कुणीतरी शेडमध्ये बसून पाहायला हवं.